विमा प्रतिनिधीची परीक्षा आयुष्यात एकदाच का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मार्च उजाडला की घरोघरी विमा प्रतिनिधींची ये-जा वाढते. कुणी कर वाचवायला, कुणी मुलांच्या शिक्षणासाठी, तर कुणी निव्वळ ओळखीखातर सही करतो. समोर बसलेल्या प्रतिनिधीला आजचे नियम ठाऊक आहेत की दहा वर्षांपूर्वीचे, हे कळायला ग्राहकापाशी काहीच साधन नाही. एकदा परीक्षा दिली की पुन्हा काही शिकल्याचा पुरावा प्रतिनिधीकडे कुणी मागत नाही. पूर्वी ही अट होती. ती सुधारून परत आणावी, यासाठी हे पत्र.

आधी काय होते ते सांगतो. 2000 सालच्या नियमांनुसार विमा नियामक प्राधिकरण, म्हणजे आयआरडीए, प्रतिनिधीला परवाना देत असे. शुल्क 250 रुपये, मुदत तीन वर्षे. परवाना मिळण्याआधी सुरुवातीच्या काळात 100 तास आणि पुढे 50 तासांचे प्रशिक्षण सक्तीचे होते. तीन वर्षांनी नूतनीकरण करताना आणखी 25 तास. आयुर्विमा आणि सर्वसाधारण विमा असे दोन्ही विकणाऱ्याला हे तास जास्त होते. 2015 मध्ये विमा कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. परवाना देण्याचे काम प्राधिकरणाकडून गेले आणि कलम 42 नुसार विमा कंपनीच प्रतिनिधीची थेट ‘नेमणूक’ करू लागली. त्यासाठीची सविस्तर नियमावली 1 एप्रिल 2016 पासून लागू झाली. बोलताना आपण अजूनही ‘लायसन्स’च म्हणतो, पण हातात असते ते कंपनीचे नेमणूकपत्र, ओळखपत्र आणि एजन्सी कोड. नेमणुकीला मुदत नाही, त्यामुळे नूतनीकरण नाही, आणि नूतनीकरणच नाही म्हटल्यावर ते 25 तासही गेले.

आज प्रतिनिधी होण्याची वाट अशी आहे. किमान दहावी पास असावे लागते आणि पॅन कार्ड लागते. एका विमा कंपनीच्या मार्फत अर्ज करायचा, कंपनीचे प्रशिक्षण घ्यायचे (बहुतेक ठिकाणी ते 25 तासांच्या आसपास असते) आणि ‘आयसी-38’ या अभ्यासक्रमावरची परीक्षा द्यायची. पुस्तक मराठीत मिळते, परीक्षाही मराठीतून देता येते. 50 प्रश्न, एक तास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. पास व्हायला 35 टक्के लागतात, म्हणजे 50 पैकी 18 उत्तरे बरोबर आली की झाले. उरलेली 32 चुकली तरी चालते. हा माणूस पुढे एखाद्या कुटुंबाच्या पंचवीस वर्षांच्या बचतीबद्दल सल्ला देणार असतो, म्हणून हा आकडा मला फार कमी वाटतो. पण तो वाद आज बाजूला ठेवू.

इथे एक गैरसमज नेहमी दिसतो. परीक्षा पास झाले म्हणजे कुणी एजंट होत नाही. ते प्रमाणपत्र पहिल्या नेमणुकीसाठी बारा महिने चालते. तेवढ्या काळात कुठल्याही कंपनीने नेमले नाही, तर परीक्षा पुन्हा द्यावी लागते. नेमणूक मिळाली तरी ती फक्त त्याच कंपनीसाठी असते. एका व्यक्तीला एक आयुर्विमा कंपनी, एक सर्वसाधारण विमा कंपनी आणि एक आरोग्य विमा कंपनी, शिवाय एकाच प्रकारचा विमा करणाऱ्या (जसे फक्त पीक विमा) इतर कंपन्यांपैकी प्रत्येक प्रकारात एक, एवढ्यांचेच काम घेता येते. दोन आयुर्विमा कंपन्यांच्या पॉलिसी एकच प्रतिनिधी विकत असेल, तर त्यातली एक कुणाच्या तरी दुसऱ्याच्या कोडवर जाते आहे हे ओळखावे. बँकांचे वेगळे. त्या ‘कॉर्पोरेट एजंट’ असतात आणि 2022 पासून त्यांना प्रत्येक प्रकारात नऊ कंपन्यांपर्यंत करार करता येतात.

आता मूळ मुद्दा. 2014 साली परीक्षा दिलेला, त्यानंतर पुस्तक न उघडलेला, पण मनाने अगदी सरळ असा एक प्रतिनिधी डोळ्यांसमोर आणा. तो आज आपल्या गिऱ्हाइकाला काय सांगेल?

मधुमेह असलेल्या 58 वर्षांच्या गृहस्थांना तो सांगेल, ‘काका, जुन्या आजाराला चार वर्षं थांबावं लागतं.’ एप्रिल 2024 पासून ही प्रतीक्षा जास्तीत जास्त तीन वर्षांची आहे. 65 उलटलेल्या आजींना तो सांगेल की आता नवी आरोग्य पॉलिसी मिळणार नाही, वय बसत नाही. नियमात ती वयाची अट राहिलेली नाही. आठ वर्षे सलग हप्ते भरले की जुनी माहिती उकरून कंपनीला दावा नाकारता येत नाही, असे त्याने मध्यंतरी कुठेतरी ऐकलेले असते. आता ती मुदत पाच वर्षांची आहे, अपवाद फक्त सिद्ध झालेल्या फसवणुकीचा. रुग्णालयातून घरी सोडताना कॅशलेसच्या मंजुरीसाठी संध्याकाळपर्यंत ताटकळणाऱ्या नातेवाइकांना तो ‘वेळ लागतोच’ म्हणून समजावेल. मे 2024 च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या पहिल्या विनंतीवर एका तासात आणि डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय द्यायचा आहे. हे आकडे पाठ असलेला प्रतिनिधी त्या घराला टीपीएच्या (विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेच्या) खिडकीवर नेमके काय बोलायचे ते सांगू शकतो. बिलिंग काउंटरपाशी हातात फाइल घेऊन उभ्या असलेल्या माणसाला त्या क्षणी दुसऱ्या कुठल्याही सल्ल्यापेक्षा या एका वाक्याचा उपयोग जास्त असतो.

आयुर्विम्यातही तेच. पॉलिसी पसंत नसेल तर परत करण्याची ‘फ्री लुक’ मुदत 15 दिवसांची होती, ती 2024 मध्ये 30 दिवसांची झाली. पहिल्या दोन वर्षांत पॉलिसी सोडली तर एक पैसा मिळत नाही, हे तर प्रत्येक जुन्या प्रतिनिधीच्या तोंडी बसलेले आहे. 1 ऑक्टोबर 2024 पासूनच्या नव्या योजनांत एका वर्षाचा पूर्ण हप्ता भरलेला असेल, तर वर्ष पुरे झाल्यावर काही सरेंडर मूल्य, म्हणजे पॉलिसी मध्येच सोडल्यास परत मिळणारी रक्कम, द्यावे लागते. पॉलिसीत नोंदवलेली व्यक्ती, म्हणजे नॉमिनी, ही निव्वळ विश्वस्त, म्हणजे रक्कम खऱ्या वारसांपर्यंत पोचवणारी असते, असे पूर्वी शिकवत. 2015 च्या दुरुस्तीनंतर आईवडील, पती किंवा पत्नी आणि मुले यांना नॉमिनी केले असेल, तर सर्वसाधारणपणे ती रक्कम त्यांच्याच हक्काची होते. भावाला नॉमिनी करायचे की पत्नीला, या प्रश्नाचे उत्तर यामुळे बदलते.

सर्वात महाग पडणारी चूक कराची. ‘मॅच्युरिटी पूर्ण करमुक्त’ हे वाक्य अजून सर्रास ऐकू येते. युलिप (हप्त्याचा काही भाग शेअर बाजारासारख्या ठिकाणी गुंतवणारी पॉलिसी) सोडून इतर पॉलिसींबाबत 1 एप्रिल 2023 पासून घेतलेल्या पॉलिसींचा मिळून वार्षिक हप्ता 5 लाखांपेक्षा जास्त झाला, तर मर्यादेत बसतील तेवढ्याच पॉलिसींची मुदतपूर्तीची रक्कम करमुक्त राहते, सगळ्यांची नाही. युलिपसाठी ही मर्यादा अडीच लाखांची आहे आणि ती 1 फेब्रुवारी 2021 पासूनच्या पॉलिसींना लागते. हिशेब करून पाहा. एका डॉक्टरांनी मे 2023 मध्ये 3 लाख हप्त्याची पॉलिसी घेतली आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीत अडीच लाखांची घेतली. दोन्ही वेगवेगळ्या पाहिल्या तर मर्यादेत, पण बेरीज साडेपाच लाख. आता दोन्हींपैकी एकाच पॉलिसीची मुदतपूर्ती करमुक्त धरता येईल. मृत्यूनंतर मिळणारी रक्कम मात्र करमुक्तच राहते. दुसरी पॉलिसी विकणाऱ्याने ‘तुमच्या आधी कुठल्या पॉलिसी आहेत, केव्हाच्या आहेत?’ एवढे दोन प्रश्न विचारले असते, तर हे तिथेच उघड झाले असते. त्याने ते विचारले नाहीत, कारण असा नियम आला आहे हे त्याला कुणी सांगितलेच नाही. शिवाय 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटी शून्यावर आला. हप्त्याचा जुना तक्ता पुढे करणारा प्रतिनिधी आजही भेटला तर नवल नाही.

कंपन्या प्रशिक्षण देत नाहीत का? देतात, आणि काही चांगलेही देतात. पण ते बहुधा नव्या योजनेचे असते आणि त्यात विक्री कशी करावी यावर भर असतो. दावा कसा लढवावा, नियम काय बदलले, ग्राहकाला काय सांगणे बंधनकारक आहे, हे त्यात ओझरते येते. ठरावीक तास, चाचणी, नोंद यांतले काही सक्तीचे नाही.

हेच काम करणाऱ्या शेजारच्या व्यवसायाकडे पाहा. म्युच्युअल फंड वितरकाला एनआयएसएमची, म्हणजे राष्ट्रीय रोखे बाजार संस्थेची, परीक्षा द्यावी लागते. या संस्थेचा परिसर आपल्याच रायगड जिल्ह्यात, पाताळगंगेला आहे. ते प्रमाणपत्र तीन वर्षांचे असते. मुदत संपण्याआधी पुन्हा परीक्षा द्यायची किंवा निरंतर शिक्षणाचा वर्ग पूर्ण करायचा, नाही तर वितरक म्हणून नोंदणी पुढे चालू ठेवता येत नाही. अनेक गावांत एकच माणूस सकाळी म्युच्युअल फंडाचा अर्ज भरतो आणि दुपारी विम्याचा. एकासाठी दर तीन वर्षांनी त्याला अभ्यास करावा लागतो, दुसऱ्यासाठी कधीच नाही. अमेरिकेत परवाना प्रत्येक राज्य देते आणि बहुतेक राज्यांत दोन वर्षांत 24 तास निरंतर शिक्षण लागते, त्यातले 3 तास व्यावसायिक नीतीचे. तास भरले नाहीत तर परवान्याचे नूतनीकरण होत नाही, आणि परवाना नसला की कंपनीचे काम करता येत नाही.

‘जुने 25 तास कागदावरच होते’ असा आक्षेप येईल, आणि त्यात तथ्य आहे. हजेरीपटावर एकाच दिवशी सगळ्या दिवसांच्या सह्या व्हायच्या. संगणकावरचे तास तर पान उघडे ठेवून दुसरी कामे करत भरले जायचे, घड्याळ पुढे सरकले की झाले. हे घडले कारण तास मोजले जात होते, माणसाला काय आले ते कुणी पाहत नव्हते. म्हणून तीच पद्धत जशीच्या तशी आणू नये. माझ्या मते वर्षाला 8 तास पुरेत, पण चाचणीसह. 3 तास त्या वर्षात बदललेल्या नियमांचे, 3 तास दाव्यांचे (कागदपत्रे, मुदती, नाकारल्यावर काय करायचे) आणि 2 तास करांचे व आचारसंहितेचे. प्रत्येक तासाअखेर दहा प्रश्न, दर वेळी वेगळे. साहित्य आणि चाचणी मराठीत हवी, मोबाइलवर चालायला हवी, आणि शुल्क प्रतिनिधीने नव्हे तर कंपनीने भरावे. आपल्याकडे कितीतरी प्रतिनिधी शेती, दुकान किंवा शिवणकाम सांभाळून हे काम करतात. त्यांना जिल्ह्याच्या गावी चार दिवस बोलावणारी योजना टिकणार नाही. 15 तासांच्या प्रशिक्षणावर ‘पॉइंट ऑफ सेल्स’ म्हणून सोप्या पॉलिसी विकणाऱ्यांनाही हीच अट लावावी, कारण गाडीचा विमा आता मोठ्या प्रमाणावर तेच विकतात. आणि हा निकाल लोकांना दिसला पाहिजे. त्यासाठी नवी यंत्रणा उभारायला नको. आयआरडीएआयच्या (आयआरडीएचेच आताचे नाव) एजन्सी पोर्टलवर ‘एजंट लोकेटर’ आहे. तिथे प्रतिनिधीची नेमणूक खरी आहे का हे आजही कुणालाही पाहता येते. त्याच ओळीत ‘या वर्षीचे प्रशिक्षण पूर्ण’ असा आणखी एक रकाना हवा.

या पोर्टलचा आजच करता येण्यासारखा एक उपयोग आहे, आणि त्यासाठी घरातला बाँड काढावा लागेल. पॉलिसीच्या कागदांत प्रतिनिधीचे नाव, कोड आणि बहुधा मोबाइल क्रमांक छापलेला असतो. तो वाचा. पुष्कळदा तिथे घरी आलेल्या माणसाचे नाव नसते, त्याच्या पत्नीचे, वहिनीचे किंवा मेहुण्याचे असते. नोकरीमुळे स्वतःच्या नावावर एजन्सी घेता येत नाही म्हणून घरातल्या कुणाच्या तरी नावावर घ्यायची आणि फिरायचे आपण, ही पद्धत खेडोपाडी इतकी रुळली आहे की कुणाला ती खटकत नाही. सरकारी कर्मचाऱ्यांच्या वर्तणूक नियमांनुसार पत्नीच्या विमा एजन्सीसाठी प्रचार करणे हासुद्धा नियमभंग आहे. पण ग्राहकाचे नुकसान वेगळ्या ठिकाणी होते. आयुर्विम्याच्या प्रस्तावासोबत प्रतिनिधीचा गोपनीय अहवाल जातो. विमा घेणाऱ्याला किती वर्षांपासून ओळखतो, त्याची तब्येत कशी दिसते, उत्पन्न किती असावे, हे त्यात प्रतिनिधी स्वतःच्या सहीने लिहून देतो. सही करणाऱ्या बाईंनी त्या गृहस्थांना कधी पाहिलेलेच नसते. दोन वर्षांत दुर्दैवाने मृत्यू झाला आणि कंपनीने चौकशी लावली, की ‘बीपीच्या गोळ्या यांनी सांगितल्या होत्या, प्रतिनिधीनेच लिहू नका म्हटले’ या घरच्यांच्या म्हणण्याला साक्षीदार उरत नाही. ज्याला सांगितले तो कागदावर कुठेच नसतो. कायद्याने प्रतिनिधी हा करार होईपर्यंत कंपनीचाच प्रतिनिधी मानला जातो, हा ग्राहकाच्या बाजूचा भक्कम मुद्दा आहे. समोर बसलेला माणूस प्रतिनिधीच नसेल, तर तोच मुद्दा डळमळीत होतो.

म्हणून सहीआधी ओळखपत्र मागावे. ते दाखवणे आचारसंहितेप्रमाणे प्रतिनिधीचे कर्तव्य आहे, यात त्याचा अपमान नाही. कमिशन किती मिळणार हे विचारले तर तेही सांगायचे असते. ‘पहिला हप्ता मी भरतो’ या शब्दाला मात्र भुलू नये. कमिशनमधून सूट देणे आणि घेणे या दोन्ही गोष्टींना कलम 41 ची मनाई आहे, आणि 2015 च्या दुरुस्तीने त्यासाठी 10 लाखांपर्यंत दंड ठेवला. हे कलम प्रस्तावाच्या अर्जावरच छापलेले असते. अर्ज कोरा ठेवून सही करू नये, भरलेल्या अर्जाच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. हप्ता शक्यतो थेट कंपनीच्या खात्यात भरावा. प्रतिनिधीने घेतलाच, तर सुट्ट्या वगळून 24 तासांत, कमिशन न कापता, पूर्ण रक्कम कंपनीकडे पोचवण्याचे बंधन त्याच्यावर आहे. गाडीच्या विम्यात याला फार महत्त्व आहे. कंपनीपर्यंत हप्ता पोचण्याआधी अपघात झाला, तर वाद तिथेच सुरू होतो.

प्रतिनिधीने कंपनी बदलली तर काय, हेही थोडक्यात. जुन्या कंपनीला राजीनामा देऊन नेमणूकपत्र आणि ओळखपत्र परत करायचे, कंपनीने काम थांबल्याचा दाखला द्यायचा आणि तो जोडून नव्या कंपनीत अर्ज करायचा. त्याने विकलेल्या जुन्या पॉलिसी जागच्या जागी राहतात. त्यांना बोलीभाषेत ‘ऑर्फन’ म्हणतात. अशा पॉलिसीधारकाने शाखेत जाऊन दुसरा प्रतिनिधी जोडून मागावा. ‘ती बंद करा, माझ्या नव्या कंपनीत याहून चांगली आहे’ असे सांगत तोच माणूस पुन्हा दारात आला, तर ठाम नाही म्हणावे. जुनी पॉलिसी मोडायला लावून नवी गळ्यात मारणे आचारसंहितेत स्पष्टपणे निषिद्ध आहे, आणि अशा व्यवहारात वय वाढल्यामुळे हप्ता वाढतो, प्रतीक्षाकाळ नव्याने सुरू होतो आणि सरेंडरमध्ये पैसे बुडतात ते वेगळेच.

चुकीचे सांगून पॉलिसी विकली असेल, तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी द्यावे. ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर किंवा 155255 या क्रमांकावरही नोंद होते. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालये आहेत, शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि 50 लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात. प्रतिनिधीच्या चुकीची जबाबदारी कंपनीला झटकता येत नाही. आचारसंहितेच्या भंगासाठी कंपनीला 1 कोटीपर्यंत दंडाची तरतूद कायद्यात आहे.

हा दंड एवढा मोठा असताना प्रतिनिधीला अद्ययावत ठेवण्याचा खर्च कंपन्यांना परवडत नाही, हे पटण्यासारखे नाही. आयआरडीएआय नियम बदलण्याआधी मसुदा प्रसिद्ध करून हरकती आणि सूचना मागवते. नेमणुकीच्या नियमावलीत ‘वर्षाला 8 तास, चाचणीसह, नोंद एजंट लोकेटरवर’ हे एक कलम घालण्यासाठी असा मसुदा काढावा आणि तो मराठीतही द्यावा, म्हणजे ज्यांच्यावर तो लागू होणार आहे त्या तालुक्याच्या ठिकाणच्या प्रतिनिधींनाही त्यावर लिहिता येईल.

आपला,
विमा प्रशिक्षण क्षेत्रातील एक वाचक